लखनौचं मैदान आणि दोन आरोपी

२८ जुलै १९८८ची संध्याकाळ. लखनौच्या के. डी. सिंग बाबू स्टेडियममध्ये सराव आटोपून सय्यद मोदी बाहेर पडला, आणि गाडीतून आलेल्या मारेकऱ्यांनी स्टेडियमच्या दारातच त्याच्यावर गोळ्या झाडल्या. त्याचं वय होतं २५. १९८० ते १९८७ अशी सलग आठ वर्षं बॅडमिंटनचं राष्ट्रीय विजेतेपद त्याच्याकडे होतं. एवढा मोठा खेळाडू सरावाच्या जागेबाहेर असा मारला जाणं हे देशाने पूर्वी पाहिलेलं नव्हतं.

मोदी मूळचा गोरखपूर जिल्ह्यातल्या सरदारनगरचा. वडील तिथल्या साखर कारखान्यात नोकरीला. भावंडांत हा सगळ्यात धाकटा. त्याच्या सरावाचा खर्च मोठ्या भावांनी पगारातून काढला. खरं नाव सय्यद मेहदी हसन झैदी. शाळेत नाव घालताना गुरुजींच्या हातून ‘मेहदी’चं ‘मोदी’ झालं आणि तेच कायम राहिलं. १९७६ मध्ये तो ज्युनिअर गटाचा राष्ट्रीय विजेता झाला. चार वर्षांनी, १९८०च्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याने प्रकाश पदुकोणला हरवलं. प्रकाशने त्याआधी सलग नऊ वर्षं ते विजेतेपद कोणाला मिळू दिलं नव्हतं, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या विजयाचं वजन कळतं. १९८१ मध्ये अर्जुन पुरस्कार. १९८२ मध्ये ब्रिस्बेनच्या राष्ट्रकुल स्पर्धेत इंग्लंडच्या निक येट्सला हरवून सुवर्ण, आणि त्याच वर्षी दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत कांस्य. पूर्वोत्तर रेल्वेतल्या नोकरीने तो गोरखपुराहून लखनौला आला.

तिथे त्याचा संसार होता अमिता कुलकर्णीशी. आडनावावरून मराठी वाचकाला घर ओळखू येईल. बॅडमिंटनची आणि मराठी मध्यमवर्गाची मैत्री जुनी आहे. प्रा. दि. ब. देवधरांच्या मुलींनी स्वातंत्र्याच्या आसपासच्या काळात राष्ट्रीय विजेतेपदं जिंकली. सांगलीच्या नंदू नाटेकरने १९५६ मध्ये परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. असा तो पहिला भारतीय. १९८२च्या आशियाई स्पर्धेत लेरॉय डिसाबरोबर दुहेरीचं कांस्य मिळवणारा प्रदीप गंधे आपलाच. मुलीला संध्याकाळी हॉलवर पाठवणं हे आपल्याकडच्या कित्येक घरांत पेटीच्या शिकवणीइतकंच रुळलेलं होतं. अमिता त्या परंपरेतली. ती भारताकडून खेळली. राष्ट्रीय संघाच्या शिबिरांत आणि दौऱ्यांवर तिची आणि मोदीची ओळख झाली, आणि १९८४ मध्ये दोघांनी लग्न केलं. एक मराठी ब्राह्मण मुलगी आणि पूर्व उत्तर प्रदेशातला शिया मुलगा. दोन्हीकडे विरोध झाला, तो पचवून त्यांनी संसार मांडला. मोदी गेला तेव्हा त्यांची मुलगी दोन महिन्यांची होती.

काही दिवसांतच तपास सीबीआयकडे गेला आणि अमिताचं नाव संशयित म्हणून पुढे आलं. दुसरं नाव संजय सिंह यांचं. अमेठीच्या राजघराण्यातले, उत्तर प्रदेशात मंत्री राहिलेले संजय सिंह मोदी दांपत्याचे स्नेही होते. सीबीआयचं म्हणणं असं, की अमिता आणि संजय सिंह यांचे संबंध होते आणि त्यातून मोदीला वाटेतून काढण्याचा कट झाला. सात जणांवर आरोपपत्र दाखल झालं.

इथे त्या वर्षीचं राजकारण समोर ठेवल्याशिवाय पुढचं नीट दिसत नाही. बोफोर्सचा गदारोळ टिपेला होता. काँग्रेसबाहेर पडलेल्या विश्वनाथ प्रताप सिंहांनी जून १९८८ मध्ये अलाहाबादची लोकसभा पोटनिवडणूक अपक्ष म्हणून मोठ्या फरकाने जिंकली होती. संजय सिंह यांची तेव्हाची पत्नी गरिमा ही विश्वनाथ प्रताप सिंहांची पुतणी. संजय सिंहही काँग्रेस सोडून त्यांच्या गटात गेलेले. पोटनिवडणूक झाल्यावर महिना-दीड महिन्यात हा खून झाला. विरोधकांना तपासात सूड दिसत होता. सत्ताधाऱ्यांना विरोधी गोटाचं चारित्र्य उघडं पाडण्याची संधी दिसत होती. या दोन कडांच्या मध्ये नवरा गमावलेली, तान्हं मूल कडेवर असलेली एक खेळाडू उभी होती, आणि दोन्ही बाजूंना ती माणूस म्हणून फारशी नको होती.

तपासात अमिताच्या डायऱ्या आणि पत्रं हाती लागली. त्यांतला मजकूर न्यायाधीशांच्या मेजावर जायच्या आधी वृत्तपत्रांत आणि साप्ताहिकांत पोचला. देशभर त्याची चर्चा झाली. नवऱ्याबद्दलचे खाजगी विचार, घरातले रुसवेफुगवे, दुसऱ्या माणसाबद्दलची ओढ: एखादी बाई कपाटात कुलपाआड ठेवते ते सगळं नाक्यावर वाचलं गेलं. तान्ह्या मुलीलाही कुजबुजीने सोडलं नाही. ती कुजबुज इथे पुन्हा लिहिणं म्हणजे तिच्यात सामील होणं, म्हणून लिहीत नाही.

याच आठवड्यांत भारतीय पत्रकारिता स्वतःच्या हक्कासाठी झगडत होती. राजीव गांधी सरकारने बदनामीविरोधी विधेयक आणलं, ऑगस्टच्या अखेरीस ते लोकसभेत मंजूरही करून घेतलं. देशभरचे संपादक आणि वार्ताहर रस्त्यावर उतरले आणि सप्टेंबरमध्ये सरकारला ते मागे घ्यावं लागलं. तो लढा योग्य होता, आणि तो जिंकला गेला हे देशाचं भाग्य. पण बलवान सरकारपुढे ताठ उभ्या राहिलेल्या त्या वृत्तपत्रसृष्टीला, ज्या आरोपी बाईमागे ना पक्ष होता ना सत्ता, तिच्या डायरीपाशी थांबावंसं वाटलं नाही. स्वातंत्र्य मिळवणं एक, आणि ते कोणावर चालवायचं याचा विचार करणं दुसरं. दुसऱ्या गोष्टीत त्या वर्षी आपण फार उणे पडलो.

सप्टेंबर १९९० मध्ये लखनौच्या सत्र न्यायालयाने अमिता आणि संजय सिंह यांना खटल्यातून मुक्त केलं. कटात त्यांचा हात असल्याचा पुरेसा पुरावा नाही, असं न्यायालयाचं मत पडलं. पुढे उच्च न्यायालयानेही ते कायम ठेवलं. कायद्याच्या भाषेत हा निर्णय खटला चालून, साक्षी तपासून आलेल्या निर्दोषत्वापेक्षा वेगळा आहे. इथे आरोपनिश्चितीच्या टप्प्यावरच न्यायालयाने सांगितलं, की या दोघांवर खटला चालवावा इतकंही तुमच्याकडे नाही. डायऱ्यांतून, फार तर, मनं जुळल्याचं दिसलं असतं. मन जुळणं हा गुन्हा नाही आणि खुनाच्या कटाचा पुरावाही नाही. न्यायाधीशांना तेवढं सरळ दिसलं.

लोकांना मात्र ते ऐकूच गेलं नाही. १९९१ मध्ये देव आनंदचा ‘सौ करोड’ आला. त्याच्या कथेमागे हेच प्रकरण होतं. खटल्यातून सुटलेल्या माणसांची गोष्ट थिएटरात पुन्हा एकदा सुरू झाली. १९९५ मध्ये अमिता आणि संजय सिंह यांनी लग्न केलं, तेव्हा ‘बघा, आम्ही म्हणत होतोच’ असं म्हणणाऱ्यांची कमी नव्हती. सात वर्षांनंतर दोन प्रौढ माणसांनी केलेल्या लग्नातून सात वर्षांपूर्वीच्या खुनाचा पुरावा कसा निघतो, हे त्यांतल्या कोणी सांगितलं नाही. अमिता पुढे राजकारणात गेली, अमेठीतून आमदार झाली, उत्तर प्रदेशात मंत्री झाली. प्रत्येक निवडणुकीत तिच्या परिचयाची पहिली ओळ १९८८चीच राहिली. भारताकडून खेळलेली कुलकर्ण्यांची मुलगी त्या ओळीत कुठे उरली नाही.

आता दुसरा आरोपी.

मोदीच्या खुनाला पाच महिने होत होते. २७ डिसेंबर १९८८ रोजी पतियाळात रस्त्यात लावलेल्या गाडीवरून बाचाबाची झाली. नवज्योतसिंग सिद्धू आणि त्याचा मित्र एका बाजूला, ६५ वर्षांचे एक गृहस्थ दुसऱ्या बाजूला. मारहाण झाली आणि ते गृहस्थ गेले. सिद्धू तेव्हा २५ वर्षांचा, म्हणजे मोदीच्याच वयाचा. महिनाभरापूर्वीच त्याने न्यूझीलंडविरुद्ध बंगळूरच्या कसोटीत शतक केलेलं होतं. गुन्हा नोंदला गेला. त्यानंतर काही महिन्यांत तो भारतीय संघाबरोबर वेस्ट इंडिजला गेला आणि किंग्स्टनला मार्शल, वॉल्श यांच्यासमोर ११६ धावा काढून आला. खटला लांबत राहिला, आणि तो खेळत राहिला.

जानेवारी १९९४ मध्ये श्रीलंकेविरुद्धच्या मालिकेतली पहिली कसोटी लखनौला झाली, के. डी. सिंग बाबू स्टेडियमवर. ज्या दारात सय्यद मोदी पडला, त्याच स्टेडियमवर. सिद्धूने १२४ धावा काढल्या आणि त्यांत ८ षटकार होते. कसोटीच्या एका डावात इतके षटकार तोवर कोणा भारतीयाने मारले नव्हते. तेंडुलकरने १४२ केल्या, कुंबळेने सामन्यात ११ बळी घेतले, भारताने एक डाव आणि ११९ धावांनी सामना जिंकला. खून-खटल्याची चर्चा पाच वर्षं जगलेलं हे शहर. एका मृत्यूच्या गुन्ह्यात नाव असलेला फलंदाज त्याच मैदानावर षटकार मारत होता, आणि लखनौने त्याला डोक्यावर घेतलं.

सिद्धूवर हुर्यो उडवायला हवी होती, असं मला म्हणायचं नाही. त्याच्यावरचा आरोप तेव्हा सिद्ध झालेला नव्हता, त्याला खेळण्याचा हक्क होता आणि प्रेक्षकांनी त्याला खेळू दिलं हे बरोबरच होतं. पुढे १९९९ मध्ये सत्र न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवलं. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधासाठी तीन वर्षांची शिक्षा दिली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बाजूला ठेवून मारहाणीबद्दल १००० रुपये दंड केला, आणि २०२२ मध्ये, घटनेला ३३ वर्षं उलटल्यावर, फेरविचार करून एक वर्षाची सक्तमजुरी सुनावली. ती त्याने भोगली. इतकी वळणं घेणाऱ्या प्रकरणात १९९४च्या प्रेक्षकांनी निवाडा करायला बसू नये, हेच उत्तम.

माझं दुखणं वेगळं आहे. जी सवलत सिद्धूला न मागता मिळाली, ती अमिताला न्यायालयाचा आदेश हाती असूनही मिळाली नाही. एकाच देशात, एकाच वर्षी सुरू झालेली दोन प्रकरणं. एकात आरोपी पुरुष, क्रिकेटपटू, षटकारांचा राजा. दुसऱ्यात आरोपी बाई, बॅडमिंटनपटू, परधर्मीयाशी लग्न केलेली, दुसऱ्या पुरुषाशी मैत्री ठेवलेली. पुराव्याचा तराजू दोन्हीकडे एकच असायला हवा होता. प्रेक्षकांनी मात्र आपल्या मनातल्या आवडीनिवडीचा तराजू वापरला.

लखनौच्या प्रेक्षकांना वेगळं ठरवण्यात अर्थ नाही. १९५२ मध्ये इथल्याच विद्यापीठाच्या मैदानावर पाकिस्तानने पहिला कसोटी विजय मिळवला, फझल महमूदने १२ बळी घेतले, तेव्हा चिडलेल्या प्रेक्षकांनी राग काढला तो आपल्याच संघावर. प्रेम आणि राग हे गर्दीचे दोन हात; कोणता कधी उठेल, ते खेळाडूच्या कर्तृत्वावर किंवा गुन्ह्यावर फार थोडं अवलंबून असतं. मुंबईने १९५९ मध्ये तेच केलं. प्रेम आहुजाच्या खुनाच्या खटल्यात नौदलाचे कमांडर नानावटी न्यायालयात येत, तेव्हा बाहेर त्यांच्या चाहत्यांची गर्दी लोटे. ‘ब्लिट्झ’ने त्यांची बाजू उचलून धरली आणि ज्यूरीने ८ विरुद्ध १ मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं. उच्च न्यायालयाने तो कौल फिरवला, सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये जन्मठेप कायम केली. तिथे गर्दी आरोपीच्या बाजूने होती, एवढाच फरक.

अमेरिकेत विद्यापीठांचे संघ म्हणजे गावाचा अभिमान, त्यामुळे तिथे हे सगळं आणखी तीव्र होतं. २००६ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक विद्यापीठाच्या लॅक्रॉस संघातल्या तीन विद्यार्थ्यांवर बलात्काराचा आरोप झाला. आवारात संघातल्या मुलांचे फोटो छापलेली पत्रकं लागली, ते राहत होते त्या घरासमोर लोक भांडी बडवत जमले. संघाचा उरलेला हंगाम रद्द झाला, प्रशिक्षकाला जावं लागलं. एप्रिल २००७ मध्ये राज्याच्या महाधिवक्त्याने आरोप मागे घेतले आणि तिघंही निरपराध आहेत असं जाहीर सांगितलं. खटला रेटणाऱ्या सरकारी वकिलाची सनद गेली. या उदाहरणावरून बायकांच्या तक्रारी खोट्या असतात, असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ निघाले. तो निष्कर्ष तितकाच घाईचा आहे. तक्रार गांभीर्याने घेणं आणि आरोपीला दोषी धरून चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली केल्याशिवाय न्याय सुरू होत नाही आणि दुसरी केली की तो संपतो.

शिक्षा भोगून आलेल्याचं काय? पाकिस्तानचा मोहम्मद आमिर १८ वर्षांचा असताना स्पॉट फिक्सिंगमध्ये सापडला, इंग्लंडमध्ये तुरुंगात गेला, पाच वर्षं बंदीत काढली आणि २०१६ मध्ये न्यूझीलंडमध्ये पुन्हा खेळायला उतरला. वेलिंग्टनला त्याच्या गोलंदाजीच्या वेळी स्टेडियमच्या निवेदकाने दुकानातल्या गल्ल्याचा खणखणाट ध्वनिवर्धकावर लावला. न्यूझीलंडच्या क्रिकेट मंडळाने हे अनुचित ठरवून पाकिस्तानी संघाची माफी मागितली. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. चार प्रेक्षकांनी आरडाओरडा केला तर तो हवेत विरतो. ध्वनिवर्धक यजमानांच्या हातात असतो, आणि यजमानांची जबाबदारी वेगळी असते. १९८८ मध्ये आपल्याकडे ध्वनिवर्धक वृत्तपत्रांच्या हाती होता.

त्यानंतरही आपण फार शिकलो असं दिसत नाही. २००६च्या आशियाई स्पर्धेत चार गुणिले चारशे मीटर रिलेचं सुवर्ण जिंकणाऱ्या पिंकी प्रामाणिकवर २०१२ मध्ये बलात्काराचा आरोप झाला. तीही रेल्वेचीच खेळाडू. ती पुरुष आहे की बाई, याची चर्चा टीव्हीवर झाली, तिच्या तपासणीची चित्रफीत बाहेर पसरली, नोकरीतून निलंबन झालं. २०१४ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने तिच्यावरचे आरोप रद्द केले. अमिताची डायरी आणि पिंकीचं शरीर, दोन्ही तपास यंत्रणेच्या ताब्यात असतानाच सार्वजनिक झाली. ज्यांच्या कस्टडीतून ती बाहेर गेली, त्यांना कोणी जाब विचारल्याचं स्मरत नाही.

सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यूनंतरचा वाहिन्यांचा धुमाकूळ ताजा आहे. त्यावरच्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२१ रोजी निकाल दिला. मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी यांच्या खंडपीठाने म्हटलं, की माध्यमांनी चालवलेले खटले तपासात आणि न्यायदानात ढवळाढवळ करतात. आरोपीचं चारित्र्य रंगवू नये, तपासातली गोपनीय माहिती छापू नये. १९८८ मध्ये असा आदेश कोणाच्या हाती असता तर अमिताच्या डायऱ्या कपाटातून निघून थेट न्यायालयात गेल्या असत्या, मधे थांबल्या नसत्या.

या सगळ्या गलबल्यात सगळ्यात मोठं नुकसान कोणाचं झालं, तर सय्यद मोदीचं. लखनौला त्याच्या नावाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरते, सायना नेहवालसारख्या खेळाडूंनी ती गाजवली. पण त्याच्या खुनाचं काय झालं असं विचारलं तर बहुतेकांना अमिता आणि संजय सिंह आठवतात, आणि ती दोघं तर १९९०मध्येच खटल्याबाहेर गेली होती. उरलेल्या पाचांपैकी आणखी एक जण आरोपमुक्त झाला. अमर बहादूर सिंह आणि बलई सिंह या दोघांचे, निकाल लागण्याआधीच, खून झाले. जितेंद्र सिंह संशयाचा फायदा मिळून सुटला. ऑगस्ट २००९ मध्ये, घटनेनंतर २१ वर्षांनी, न्यायालयाने एकट्या भगवती सिंह ऊर्फ पप्पूला दोषी ठरवून जन्मठेप दिली. २०२२ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने ती कायम केली.

त्या दोन खुनांची चर्चा किती झाली? निकालाला २१ वर्षं का लागली, याबद्दल किती अग्रलेख आले? भगवती सिंहचं मोदीशी काय वैर होतं, तो कोणाच्या सांगण्यावरून लखनौच्या त्या दारात उभा राहिला, हे कुठल्याच न्यायालयात सिद्ध झालेलं नाही. १९८८च्या पावसाळ्यात विचारायचा प्रश्न हाच होता, आणि सरदारनगरच्या झैदी कुटुंबाला त्याचं उत्तर अजून मिळालेलं नाही.